तीन मोसम, बारा तास

व्हाइट सिटी रेबल्स हा मोटरसायकल स्पीडवेचा संघ लंडनमध्ये १९७६ ते १९७८ असे तीनच मोसम खेळला. दुसऱ्या मोसमात तो ब्रिटिश लीगचा विजेता झाला, तिसऱ्यानंतर बंद पडला. पण त्याचं आयुष्य वर्षांत मोजणंही फार सैल वाटतं.

स्पीडवेच्या शर्यतीत चार स्वार असतात आणि लंबगोल कच्च्या ट्रॅकवर चार फेऱ्या. इंजिन ५०० सीसीचं, इंधन मिथेनॉल, गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाहीत. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, पोलादी तळाचा डावा बूट जमिनीला घासत ठेवायचा आणि गाडी तिरकी करून काढायची. (आपल्याकडे म्हैसूरच्या कारखान्यामुळे जे नाव घरोघरी पोचलं, त्याच चेक जावाच्या गाड्या त्या काळी स्पीडवेत जिकडेतिकडे होत्या.) शर्यत साधारण मिनिटाभरात आटोपते. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. त्या काळी लीगच्या सामन्यात अशा १३ शर्यती असत, म्हणजे एकूण ७८ गुण. ४० मिळवले की सामना जिंकला.

म्हणजे अख्ख्या संध्याकाळची खरी शर्यत जेमतेम १३ मिनिटांची. घरच्या मैदानावर मोसमाला लीगचे सुमारे १८ सामने धरा. तीन मोसमांचे ५४ सामने, ७०२ मिनिटं. लंडनकरांनी आपल्या या संघाला लीगमध्ये प्रत्यक्ष धावताना पाहिलं ते बारा तासांहूनही कमी!

आता ते व्हाइट सिटीचं मैदान पाहा. १९०८ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या या स्टेडियमची क्षमता ६८,००० होती. आतल्या मैदानात १०० मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव मावला होता. मॅरेथॉनचं ४२.१९५ किलोमीटर हे अंतर पहिल्यांदा धावलं गेलं ते इथेच संपणाऱ्या शर्यतीत. स्पीडवेची एक फेरी ४०० मीटरची धरली, तरी सामन्याच्या ५२ फेऱ्या २०.८ किलोमीटर भरतात. अर्ध्या मॅरेथॉनलाही त्या पुरत नाहीत. आणि गर्दी म्हणाल तर १९३९ मध्ये ग्रेहाउंड कुत्र्यांच्या डर्बीला इथे ९० हजारांवर माणसं लोटली होती.

अशा जागी रेबल्स आले ते नाइलाजाने. मुळात हा ऑक्सफर्डचा संघ. १९७५ च्या अखेरीस तिथलं स्टेडियम पाडलं जाण्याची चिन्हं दिसू लागली, म्हणून संघ लंडनला हलला. ऑक्सफर्डच्या चाहत्यांनी मात्र लढून स्टेडियम वाचवलं आणि १९७६ मध्ये तिथे दुसरा संघ उभा केला. गेलेला संघ विजेता झाला. राहिलेल्यांना त्यांचा खेळ राहिला. मला विचाराल तर मोठी कमाई राहिलेल्यांचीच.

१९७७ च्या विजेत्या संघात इंग्लंडचा गॉर्डन केनेट होता आणि पोलंडचा मारेक चेश्लाक, जो पुढे पोलंडच्या राष्ट्रीय संघाचा नावाजलेला प्रशिक्षक झाला. इप्सविचने सलग दोन वर्षं राखलेलं विजेतेपद या संघाने हिरावून घेतलं. तरीही खर्च भागेल इतके प्रेक्षक आले नाहीत. स्टेडियम इतकं मोठं की छोट्या मैदानात जी गर्दी दाटीवाटीने बसली असती, ती इथे विरळ दिसायची. गर्दीचा गलका हा स्पीडवेचा अर्धा प्राण; तो तिथे घुमायलाच जागा उरली नाही, असं मला वाटतं.

शेवटच्या मोसमात केनेट वेम्बलीच्या जागतिक अंतिम फेरीत उतरला. प्रत्येक स्वाराच्या पाच शर्यती, मिळू शकतील असे १५ गुण. डेन्मार्कच्या ओले ओल्सेनने १३ मिळवले, केनेटने १२. जगज्जेतेपद एका गुणाने हुकलं. १९७९ मध्ये लीगमधली रेबल्सची जागा ईस्टबोर्नकडे गेली आणि केनेटही तिकडेच गेला.