कुलूप नाही, भाडं नाही; फिनलंडच्या जंगलातल्या या खोल्या चालतात कशा?

उत्तर फिनलंडच्या लॅपलँडमध्ये हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांपर्यंत घसरतो. अशा जंगलात रात्र उघड्यावर काढायची वेळ आली, तर जिवावर बेतू शकतं. म्हणूनच तिथे ‘आउतिओतुपा’ आहेत, म्हणजे वस्ती नसलेल्या लाकडी खोल्या. दार कायम उघडं, मुक्काम फुकट.

यातल्या बहुतेक खोल्यांची देखभाल ‘मेत्साहाल्लितुस’ ही सरकारी संस्था करते. आत झोपायला फळ्यांचा ओटा, टेबल आणि लाकडांवर पेटणारी शेगडी असते; बाहेर सरपण आणि संडास. वीज नाही, नळ नाही. पाणी ओढ्यातून आणायचं, नाहीतर बर्फ वितळवायचा. राहायचं एक-दोन रात्रीच.

इथे बुकिंग होत नाही. मग खोली भरल्यावर कुणी आलं तर? शेवटी आलेल्याचा हक्क पहिला! आधी आलेल्यांची विश्रांती झालेली असते, कपडे वाळलेले असतात. गरज पडली, तर त्यांनी जागा सोडून पुढे निघायचं किंवा तंबूत झोपायचं.

निघताना खोली झाडायची, विस्तव विझल्याची खात्री करायची आणि सरपण फोडून आत ठेवायचं. पुढच्या माणसाची बोटं गारठलेली असतील, तर त्याला कुऱ्हाडही धरता येणार नाही.

शेवटी तिथल्या वहीत नाव आणि पुढचा मार्ग लिहायचा. कुणी बेपत्ता झालं, तर माग काढायला तीच वही कामी येते.