तुरुंगातला विद्यार्थी कुणाचा?

अमेरिकेत विशेष शिक्षणाची गरज असलेल्या प्रत्येक दिव्यांग मुलासाठी सरकारी शाळेला 'आयईपी' नावाचा लेखी आराखडा करावा लागतो. मुलाला आज काय येतं, वर्षभरात काय यायला हवं, विशेष शिक्षक आठवड्याला किती वेळ देणार, सगळं त्यात असतं. तो ठरवताना पालकही बसतात. याची मुळं 1975च्या कायद्यात आहेत. शाळेने आराखडा पाळला नाही तर पालक दाद मागू शकतात.

मुलगा गजाआड गेला म्हणून हा हक्क संपत नाही. 1997च्या दुरुस्तीने मात्र त्याला एक भगदाड पाडलं. प्रौढांच्या तुरुंगातल्या 18 ते 21 वयाच्या तरुणाचं अपंगत्व आधीच्या शाळेत नोंदलेलंच नसेल, तर राज्य त्याला विशेष शिक्षण नाकारू शकतं. शाळेने ज्याच्याकडे कधी नीट पाहिलं नाही, त्याच्याकडे तुरुंगानेही पाहू नये, ही कसली रीत!

नोंद असलेल्यांचीही परवड होतेच. लॉस एंजेलिसमधल्या एका तरुणाला बालगुन्हेगारांच्या कोठडीत विशेष शिक्षण मिळत होतं. अठरा पूर्ण झाल्यावर 2008 मध्ये त्याला काउंटीच्या तुरुंगात हलवलं आणि शिकवणं थांबलं. तुरुंग चालवतो शेरीफ, त्याच्याकडे शाळा नाही. काउंटीत शाळा चालवणारे सुमारे 80 जिल्हे आणि कैदी सगळीकडचे. मग शिक्षक पाठवायचा कुणी? राज्याच्या शिक्षण संहितेत 18 ते 22 वयाच्या विद्यार्थ्याची जबाबदारी पालक राहतात त्या शालेय जिल्ह्यावर टाकलेली आहे. जिल्हा म्हणाला, हे कलम तुरुंगासाठी नाही. तरुणाने तक्रार केली. सुनावणी अधिकारी, मग संघराज्याची न्यायालयं असा प्रवास होत राहिला. अखेर संघराज्याच्या अपील न्यायालयाने प्रश्न कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवला आणि डिसेंबर 2013 मध्ये उत्तर आलं: कलम तुरुंगालाही लागू आहे. पोरगा कोठडीत असला तरी आईच्या पत्त्यावरचा शालेय जिल्हाच त्याला शिकवण्यास बांधील.

निकाल योग्यच. पण अठरा ते बावीस या चार वर्षांच्या हक्काचा धनी ठरवायला पाच वर्षं लागली. अशा वादात शिकवणं आधी सुरू व्हावं आणि खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा, ते खात्यांनी मागाहून भांडून ठरवावं.