वेल्सची रोजनिशी आणि महाडचे नाना

महाडला आलो, की मला जेम्स वेल्स आठवतो. हा स्कॉटिश चित्रकार पोटासाठी १७९१ मध्ये मुंबईस उतरला. पुण्यात त्याने सवाई माधवराव आणि शेजारी बसलेले नाना फडणवीस तैलरंगात रंगवले. रोजनिशीही ठेवली, ती आज अमेरिकेत, येल विद्यापीठात आहे. १७९५ च्या ऑक्टोबरात शनिवारवाड्यात पडून पेशवे गेले, नोव्हेंबरात चित्रकार. खतावण्यांत आयुष्य गेलेल्या मला वाटते, हिशेब पुरा न होताच वही मिटली! त्याची वेरूळची रेखाटने १८०३ मध्ये डॅनियलने छापली.

आणि चित्रातले नाना? पुढच्याच वर्षी अटकेच्या धास्तीने ते इथे, महाडात येऊन राहिले. तो चेहरा रंगवायला वेल्स उरला नव्हता.