जुनी ‘आरएस’ घरी आणताना तेलांचा हिशेब

मराठी माणसाच्या मोटारप्रेमात स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसला एक वेगळे स्थान आहे. औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथील कारखान्यात ऑक्टाव्हियाची जुळणी २००१ पासून सुरू झाली आणि २००४ मध्ये तिची ‘आरएस’ आवृत्ती भारतीय बाजारात उतरली. १.८ लिटरचे टर्बो-पेट्रोल इंजिन, दीडशे अश्वशक्ती आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स ही त्या काळी भारतात अपूर्वाईची गोष्ट होती. पुढे २०१७ मध्ये दोन लिटर इंजिनाची २३० अश्वशक्तीची आणि २०२० मध्ये केवळ दोनशेच्या संख्येने आयात झालेली २४५ अश्वशक्तीची आरएस आली. या तिन्ही गाड्या आता वापरलेल्या गाड्यांच्या बाजारातच मिळतात. विशेषतः पहिल्या पिढीची आरएस एखाद्या नव्या छोट्या गाडीपेक्षाही कमी किमतीत हाती लागते आणि तिथेच घोटाळा होतो. गाडीची किंमत उतरते. तिच्या देखभालीची किंमत उतरत नाही. दीडशे अश्वशक्तीच्या इंजिनाला वीस वर्षांनंतरही तेच तेल, तोच कूलंट आणि तीच निगा लागते, जी ते नवे असताना लागत होती.

अशा गाडीचे बहुधा तीन-चार मालक झालेले असतात. पहिल्या मालकाने अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये सर्व्हिसिंग केलेले असते, दुसऱ्याने ओळखीच्या गॅरेजात, आणि तिसऱ्याने कधी केले हे त्यालाही आठवत नाही. सर्व्हिस बुकातले शिक्के मध्येच थांबलेले असतात. ‘सगळे नुकतेच बदलले आहे’ हे वाक्य विकणाऱ्याच्या तोंडी असतेच, परंतु त्याची बिले क्वचितच हाती पडतात. ज्या बदलाचे बिल नाही तो बदल झालाच नाही असे समजून चालणे, हा यावरचा जाणत्या मेकॅनिकांचा सरळ नियम आहे. म्हणजे गाडी ताब्यात घेतल्यावर पहिल्याच महिन्यात तिच्यातील प्रत्येक द्रव काढून नवा भरायचा आणि त्या दिवसापासून किलोमीटरची मोजणी नव्याने सुरू करायची.

सुरुवात अर्थातच इंजिन ऑइलपासून. साध्या इंजिनापेक्षा टर्बो इंजिनात तेलाला एक जादा आणि अतिशय कठीण काम करावे लागते. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक वेळा फिरू शकतो आणि तो तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असतो. त्याच्या एका टोकाला धुराड्यातील तप्त वायू असतात. गाडी जोरात पळवून आल्याबरोबर इंजिन बंद केले, तर तेलाचा प्रवाह थांबतो, आणि टर्बोच्या आत अडकलेले तेल भाजून त्याचा कोळशासारखा थर बसतो. हलक्या प्रतीच्या तेलात ही प्रक्रिया झपाट्याने होते. १.८ टर्बो इंजिनाची एक जुनी खोड म्हणजे तेलाचा गाळ. अमेरिकेत फोक्सवॅगनला १९९८ ते २००४ या काळातील १.८ टर्बो पसाट गाड्यांवरील हमी याच गाळाच्या तक्रारींपायी आठ वर्षांपर्यंत वाढवावी लागली होती. पसाटमध्ये इंजिन उभे बसवलेले आणि तेलाचा साठा कमी. ऑक्टाव्हियात ते आडवे आणि साठा थोडा मोठा, त्यामुळे येथे धोका कमी आहे. कमी म्हणजे नाहीच असे मात्र नव्हे. वर्षानुवर्षे साधे मिनरल ऑइल भरून चालवलेल्या गाडीत हा गाळ तेल खेचणाऱ्या जाळीवर बसतो, तेलाचा दाब कमी होतो आणि टर्बोसकट सारे इंजिन धोक्यात येते.

म्हणून तेलाच्या डब्यावर केवळ ‘५डब्ल्यू-४०’ एवढे वाचून भागत नाही. हा आकडा तेलाचा पातळ-घट्टपणा सांगतो, त्याचा दर्जा सांगत नाही. डब्याच्या मागील बाजूस फोक्सवॅगनचे ‘५०२ ००’ हे प्रमाण छापलेले असावे. पूर्ण सिंथेटिक तेल, सुमारे साडेचार लिटर, आणि सोबत चांगल्या प्रतीचा ऑइल फिल्टर. दोन लिटरच्या नव्या इंजिनात हेच प्रमाण साडेपाच लिटरच्या वर जाते. तेल कोमट असताना काढावे, म्हणजे तळाशी बसलेला मळ त्याच्याबरोबर वाहून येतो. फिलर कॅप उघडून आत डोकावले आणि काळा, चिकट थर दिसला, तर तेल बदलून समाधान मानू नये. खालचे तेलपात्र उघडून जाळी पाहून घ्यावी. मजुरी लागते, पण टर्बो बदलण्याच्या खर्चापुढे ती काहीच नाही. अशा गाडीत पहिले तेल दोन-तीन हजार किलोमीटरनंतरच पुन्हा बदलणे शहाणपणाचे, कारण नवे तेल जुना मळ सोडवत असते आणि तो त्याच तेलात फिरत राहतो.

यानंतरचे काम द्रवाचे नाही, तरी द्रवाशी बांधलेले आहे. पहिल्या पिढीच्या आरएसमध्ये एक टायमिंग बेल्ट आहे. तो तुटला तर पिस्टन झडपांवर आदळतात, आणि या इंजिनात झडपा एकूण वीस आहेत. हा बेल्ट किती किलोमीटर चालला एवढेच पाहून चालत नाही. रबर वयानेही संपते. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत बेल्ट बदलल्याचे बिल नसेल, तर तो आधी बदलावा आणि मगच गाडी जोरात चालवावी. बेल्टबरोबरच त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप बदलण्याची पद्धत आहे. पंप याच बेल्टवर चालतो आणि त्याच्या आतले प्लॅस्टिकचे पाते झिजून किंवा तडकून पाणी खेळते राहत नाही, ही या इंजिनांची परिचित तक्रार. वॉटर पंप काढायचा म्हणजे कूलंट रिकामा करावाच लागतो; म्हणून बेल्ट, पंप आणि कूलंट हे एकच काम समजावे.

कूलंटच्या बाबतीत आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. ‘येथे कुठे बर्फ पडतो’ असे म्हणून नळाचे पाणी भरणारे अजूनही सापडतात. गोठण्यापासून बचाव हे कूलंटचे एक काम झाले. पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणे आणि ॲल्युमिनियमच्या भागांना गंजापासून वाचवणे ही त्याची दुसरी दोन कामे नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात अधिक मोलाची आहेत. बोअरिंगच्या जड पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार साचतात, हे घरातल्या गिझरवरूनही कोणाला कळावे. स्कोडाच्या या गाड्यांना गुलाबी रंगाचा ‘जी१२’ किंवा त्याच्या जागी आलेले जांभळट कूलंट लागते; ते डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे मिसळावे. जुने हिरवे कूलंट गुलाबीत मिसळले गेले, तर त्याचा तपकिरी चिखल होतो. टाकीत तसा रंग दिसला, तर सारी यंत्रणा स्वच्छ पाण्याने धुऊनच नवे कूलंट भरावे.

या सर्वांत जिवाशी थेट गाठ असलेला द्रव म्हणजे ब्रेक फ्लुइड, आणि दुर्लक्षही नेमके त्याच्याकडेच होते. इंजिनाचा बिघाड माणसाला रस्त्याच्या कडेला उभे करतो. ब्रेकचा बिघाड तेवढीही संधी देत नाही. ब्रेक फ्लुइड हवेतील ओलावा शोषून घेते. रबरी नळ्यांमधून, टाकीच्या झाकणाच्या छिद्रातून हा ओलावा हळूहळू आत जातो, आणि कोकणच्या पावसाळ्यात तो अधिक वेगाने जातो. नव्या ‘डॉट ४’ फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाण्याचे प्रमाण साधारण ३.७ टक्क्यांवर गेले की तोच १५५ अंशांपर्यंत घसरलेला चालतो, असे प्रमाणच सांगते. आता खंडाळा किंवा कुंभार्ली घाट उतरताना, वळणावळणावर ब्रेक दाबत येणाऱ्या जड आणि वेगवान गाडीच्या डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापतात. ती उष्णता कॅलिपरमधून फ्लुइडपर्यंत पोहोचते, फ्लुइड उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पेडल जमिनीला टेकते आणि गाडी थांबत नाही. शहरात महिनोन्महिने ठणठणीत वाटलेले ब्रेक एखाद्या घाटात अचानक दगा देतात, ते बऱ्याचदा यामुळे.

म्हणून किलोमीटर कितीही झाले असोत, दर दोन वर्षांनी हे फ्लुइड बदलावे. टाकीतले जुने काढून नवे ओतले म्हणजे बदल झाला, असे मुळीच नाही. जुने फ्लुइड नळ्यांत आणि कॅलिपरमध्येच असते. चारही चाकांवरून स्वच्छ फ्लुइड येईपर्यंत ‘ब्लीडिंग’ करावे लागते. आरएसच्या मॅन्युअल आवृत्तीत क्लचही याच टाकीतले फ्लुइड वापरतो, हे अनेक गॅरेजांत विसरले जाते. क्लच जड किंवा सैल लागत असेल, तर त्याचे ब्लीडिंगही त्याच वेळी करून घ्यावे. घाटांत वारंवार जाणाऱ्यांनी ‘डॉट ५.१’ वापरण्यास हरकत नाही. ते ‘डॉट ४’शी जुळते. ‘डॉट ५’ मात्र सिलिकॉनचे असते आणि त्याची या गाडीत मिसळ करू नये. नावातल्या एका दशांशाने अनर्थ होतो, तो असा.

गिअरबॉक्सचे तेल ‘आयुष्यभराचे’ असते, असे कंपनीच्या पुस्तकात वाचायला मिळते. कोणाच्या आयुष्यभराचे, हे त्यात लिहिलेले नसते. पहिल्या आरएसच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये साधारण दोन लिटर तेल बसते. ते ‘जीएल-४’ दर्जाचे असावे. ‘जीएल-५’मधील काही रसायने पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत. थंडीच्या सकाळी दुसरा गिअर अडकत पडत असेल, तर नव्या तेलाने फरक पडलेला पुष्कळदा दिसतो.

२०१७ च्या आरएसमधील सहा गिअरच्या डीएसजीची गोष्ट निराळी आणि महागडी आहे. त्यातील दोन्ही क्लच तेलात बुडालेले असतात आणि क्लचची झीज त्याच तेलात उतरते. तेच तेल गिअर बदलणाऱ्या मेकाट्रॉनिक युनिटमधूनही फिरते. त्यामुळे दर ६० हजार किलोमीटरला तेल आणि फिल्टर दोन्ही बदलणे अनिवार्य. बदलताना सुमारे पाच लिटर तेल आत जाते आणि त्याची पातळी इंजिन चालू ठेवून, तेलाचे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असताना, संगणकीय उपकरणावर पाहूनच ठरवावी लागते. हे उपकरण नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नये. फोक्सवॅगनची २०१३ मध्ये आलेली पोलो जीटी टीएसआय चालवणाऱ्यांनी हे वेळापत्रक आपल्या गाडीला लावू नये. तिच्या सात गिअरच्या डीएसजीत क्लच कोरडे असतात आणि तिची व्यवस्था वेगळी आहे.

जाता जाता दोन बारीक गोष्टी. पहिल्या आरएसच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये हिरवे हायड्रॉलिक तेल लागते. गॅरेजात सहज मिळणारे लाल एटीएफ त्यात ओतले की काही दिवसांनी सील फुगतात आणि गळती सुरू होते. आणि २०२३ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येऊ लागल्यानंतर, त्याआधीच्या काळातील गाड्यांच्या इंधनाच्या रबरी नळ्या दरवेळी तपासून घेणे आवश्यक झाले आहे. नळी कडक किंवा भेगाळलेली दिसली, तर ती त्याच दिवशी बदलावी. गरम टर्बोच्या शेजारी पेट्रोल ठिबकणे ही थट्टेची बाब नाही.

गाडी विकत घेण्यापूर्वीच हे सारे काम किती रुपयांचे होईल, याचा अंदाज ओळखीच्या मेकॅनिककडून लेखी घ्यावा आणि तो आकडा सौद्याच्या वेळी विक्रेत्यासमोर ठेवावा. टायमिंग बेल्टचे बिल नसलेल्या गाडीची किंमत तेवढी कमी व्हायलाच हवी. तेल मात्र स्वतः विकत घेऊन, सीलबंद डब्यांत गॅरेजात न्यावे आणि आपल्यासमोर ओतून घ्यावे, कारण नामांकित तेलांच्या रिकाम्या डब्यांचा बाजार आपल्याकडे चांगलाच भरतो. डबे रिकामे झाले की त्यांच्या झाकणांना छिद्र पाडूनच ते भंगारात द्यावेत. काढलेले जुने तेल गटारात ओतू न देता ते पुनर्प्रक्रियेसाठी नेणाऱ्याकडे जाते आहे ना, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.