शट डाऊन केलं की एरर येतो

"चालू असताना काही नाही हो, बंद करतानाच येतो." ही तक्रार संध्याकाळची. जालन्याच्या मोंढ्यातली आडत दुकानं, लोखंडाच्या व्यापाऱ्यांची ऑफिसं, बियाण्यांची गोडाऊनं सात-साडेसातला हिशोब मिटवून मशीन बंद करायला घेतात आणि माझा फोन वाजू लागतो. मी कम्प्युटर दुरुस्तीवाला. सकाळचे फोन 'चालूच होत नाही'चे, दुपारचे प्रिंटरचे आणि संध्याकाळचे हे.

पडद्यावर नेमकं काय आलं ते फोनवर कोणी धड सांगत नाही. "इंग्रजीत कायतरी आलंय, लाल फुली आहे, लांबलचक नंबर आहे." मी म्हणतो, शेठ, ओके दाबू नका, आधी मोबाइलवर फोटो काढून पाठवा. तोवर ओके दाबून झालेलं असतं. तरी मशीन बंद होत नाही, मग शेठ पॉवरचं बटण दाबून धरतात. ते पाच सेकंदांत बंद होतं आणि शेठ घरी जातात. त्या पाच सेकंदांत टॅलीची फाइल अर्धवट लिहिली जात असेल, तर सकाळी कंपनी उघडत नाही. बंद करताना येणाऱ्या एररनं कोणाचा हिशोब गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. बटण दाबून धरल्यानं गेलेले मात्र पुष्कळ पाहिलेत.

त्या एररच्या खिडकीवर बहुतेक वेळा अँटिव्हायरसचंच नाव असतं. ते पाहून निम्मे लोक म्हणतात, व्हायरस शिरला. उरलेले म्हणतात, अँटिव्हायरसच भिकार आहे, काढून टाका. दोन्ही अंदाज सहसा चुकतात. का, ते समजायला मशीन बंद होताना आत काय घडतं ते पाहावं लागतं.

आडत दुकान बंद होतं तसंच ते आहे. आधी गिऱ्हाईक जातं, मग हमाल, मग वह्या बांधून मुनीमजी, आणि कुलूप लागल्यावरही वॉचमन थांबतो. विंडोज आधी तुमच्या समोर उघड्या असलेल्या प्रोग्रामांना विचारते, बंद करू का? टॅली, एक्सेल, ब्राउझर एकेक करून होकार देतात. पाच सेकंदांत ज्याचं उत्तर येत नाही, त्याचं नाव पडद्यावर येतं आणि खाली 'शट डाऊन एनीवे' असं बटण. ही मंडळी गेली की पाळी येते पडद्यामागे चालणाऱ्या सेवांची, म्हणजे सर्व्हिसेसची. त्यांना आवरायला मोजका वेळ मिळतो. एक्सपीच्या काळात २० सेकंद मिळायचे, विंडोज ७ मध्ये १२, आणि विंडोज ८ पासून पुढे ५. दर पिढीला मुदत कमी होत गेली. जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर बंद होताना कुरकुरतं, त्याचं एक कारण हे.

अँटिव्हायरस या सगळ्यांपेक्षा वेगळा, कारण तो एकाच वेळी तीन ठिकाणी असतो. घड्याळाशेजारी दिसणारं चिन्ह हा त्याचा दर्शनी भाग. मागे त्याची सर्व्हिस. आणि अगदी तळाशी, विंडोजच्या गाभ्यात, त्याचा ड्रायव्हर. उघडणारी प्रत्येक फाइल तो तपासतो. मशीन बंद होताना वरचा भाग आधी जातो आणि तळचा सगळ्यात शेवटी. कधी हा क्रम बिघडला, चिन्हवाल्या भागानं सर्व्हिसला काही विचारलं आणि ती आधीच गेलेली असली, की तो कोलमडतो. 'मेमरी कुड नॉट बी रीड' म्हणतात तो हाच प्रकार. दुसरा नेहमीचा पाहुणा म्हणजे 'अ‍ॅप्लिकेशन वॉज अनेबल टू स्टार्ट करेक्टली', ज्याच्या कोडच्या शेवटी ०१४२ असतं. बंद होत असलेल्या मशीनवर एखादा प्रोग्राम नव्यानं सुरू व्हायला गेला, बहुधा अपडेट आणणारा किंवा तपासणी करणारा, तर विंडोज त्याला दारातूनच परत पाठवते. हे दोन्ही एरर महिन्यातून एखाद्या वेळी आले, तर मी कोणाकडून पैसे घेत नाही. रोज येत असतील, तर मशीन घेऊन या म्हणतो.

बंद करताना तपासणी करायची ही सवय फार जुनी. फ्लॉपी होती तेव्हा व्हायरस फ्लॉपीच्या पहिल्याच भागात, बूट सेक्टरमध्ये, बसायचे. फ्लॉपी आत विसरली आणि दुसऱ्या दिवशी मशीन तिच्यावरून सुरू झालं, की व्हायरस आत. म्हणून त्या वेळचे काही अँटिव्हायरस मशीन बंद करताना फ्लॉपी तपासूनच सोडायचे. १९८६ साली आलेला 'ब्रेन' हा असाच बूट सेक्टरचा व्हायरस, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. इकडे पुण्यात नव्वदच्या दशकात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी गिऱ्हाइकांच्या मशीनवरचे व्हायरस काढता काढता क्विक हील उभं केलं. २००७ मध्ये कंपनीनंही तेच नाव घेतलं आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात गेली. दुरुस्तीच्या टेबलावरून निघालेली कंपनी म्हणून आमच्या धंद्यातल्या लोकांना तिचं जरा जास्तच कौतुक, हे कबूल.

आता रोजच्या एररकडे येतो. मोंढ्यातल्या एका आडतीवर मुनीमजींच्या लॅपटॉपला दररोज संध्याकाळी तो यायचा. मी तिथे गेलो तेव्हा त्यांनी आधी चहा मागवला, मग त्या एररचं वर्णन केलं. मी स्टार्टवर जाऊन 'रिलायबिलिटी' एवढंच टाइप केलं. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' म्हणून एक पान उघडतं, त्यात तारीखवार लाल फुल्या दिसतात आणि फुलीवर क्लिक केलं की कोणता प्रोग्राम किती वाजता कोलमडला ते कळतं. हे पान हल्लीच्या प्रत्येक विंडोजमध्ये फुकट असतं आणि ते कोणालाही ठाऊक नसतं, याचं मला अजून नवल वाटतं. मुनीमजींच्या फुल्या सगळ्या संध्याकाळच्या, पण नावं दोन वेगवेगळ्या अँटिव्हायरसची. एक लॅपटॉप घेतानाच आत होता, महिनाभराच्या ट्रायलचा. त्याची मुदत कधीच संपलेली. दुसरा शेठनी दुकानातून डबी आणून टाकलेला. ट्रायलवाला मुदत संपली म्हणून निघून गेला नव्हता. त्याचा ड्रायव्हर तळाशी बसून होता आणि दोघं एकाच फाइलवर हात ठेवून एकमेकांची वाट पाहत होते. दिवसभर त्यामुळे मशीन नुसतं मंद वाटायचं. बंद करताना पाच सेकंदांची मुदत आली की वाद चव्हाट्यावर यायचा.

असा अँटिव्हायरस कंट्रोल पॅनलमधून काढला तरी त्याचे ड्रायव्हर पुष्कळदा मागे राहतात. म्हणून बहुतेक कंपन्या आपलं सॉफ्टवेअर मुळापासून काढायला वेगळं रिमूव्हल टूल देतात. ते कंपनीच्याच साइटवरून घ्यायचं, शोधात पहिलं आलं म्हणून दुसरीकडून नाही. ते चालवलं, मशीन रीस्टार्ट केलं, मग 'विंडोज सिक्युरिटी'त जाऊन आता एकच पहारेकरी नोंदलेला आहे ना ते पाहिलं. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर दुसरा अँटिव्हायरस आला की आपणहून बाजूला होतो, त्याच्याशी भांडण होत नाही. बाहेरचे दोन एकत्र ठेवले तर मात्र होतंच. "दोन ठेवले तर दुप्पट सुरक्षा ना?" असं शेठनी विचारलं. मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलं नाही, पण एरर गेला.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. भोकरदनकडच्या एका सेवा केंद्रात जुलैमध्ये पीकविम्याची गर्दी होती. बाहेर सातबारा घेऊन शेतकरी उभे, आणि केंद्र चालवणाऱ्या ताई फोनवर सांगत होत्या की बंद करताना रोज 'अपडेट पूर्ण करण्यासाठी रीस्टार्ट करा' असं येतं आणि पाठोपाठ एरर. "मी रोज रात्री बंद करते हो दादा, मग रोज काहून येतं?" मी टास्क मॅनेजर उघडायला लावलं. परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली 'अप टाइम' लिहिलेला असतो, म्हणजे मशीन किती वेळ सलग चालू आहे तो आकडा. रोज बंद होणाऱ्या त्या मशीनचा अप टाइम तीन आठवड्यांचा निघाला.

ताई खोटं बोलत नव्हत्या. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली आणि बहुतेक मशीनवर ती आपोआप चालू असते. शट डाऊन म्हटलं की विंडोज तुमचे प्रोग्राम बंद करते, पण स्वतःचा गाभा बंद न करता डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवते आणि सकाळी तोच उचलून आणते. म्हणून मशीन पटकन सुरू होतं. पण अँटिव्हायरसचा ड्रायव्हर त्या गाभ्यातच असतो. नवा ड्रायव्हर डिस्कवर, जुना चालू, आणि वरचा प्रोग्राम नव्या आवृत्तीचा, अशी खिचडी झाली की बंद करताना तिघांचं जमत नाही. रीस्टार्ट केलं की मात्र गाभा खरोखर नव्यानं सुरू होतो. ताईंना एकदा रीस्टार्ट करायला सांगितलं, काम झालं. पूर्ण बंदच करायचं असेल तर शिफ्ट दाबून शट डाऊन करावं. सोय कायमची नको असेल तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटणाच्या सेटिंगमधली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढावी. माझ्या मते ज्या मशीनवर अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचं टोकन आणि अँटिव्हायरस असं सगळं लावलेलं आहे, तिथे ती काढलेलीच बरी. दहा-पंधरा सेकंद उशिरा सुरू झालं तर कोणाचं काही बिघडत नाही.

लाइट जाण्याचंही एक प्रकरण आहे. यूपीएसची बॅटरी मेलेली असते, शेठना ते माहीत असतं आणि बदलायची असते दिवाळीनंतर. व्हायरसच्या याद्या दिवसातून अनेकदा उतरतात. त्यातली एक अर्धी लिहिलेली असताना लाइट गेली, की पुढे अँटिव्हायरस बिथरतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ६००८ किंवा ४१ हे आकडे दिसले, म्हणजे मशीन नीट बंद न होता पडलं होतं असं समजावं. ६००६ असला तर सुरळीत बंद झालं. असे ४१ ओळीनं दिसले तर मी सॉफ्टवेअरला हात न लावता आधी बॅटरी बदलायला सांगतो.

गाभ्यात बसलेलं सॉफ्टवेअर चुकलं तर काय होतं ते १९ जुलै २०२४ ला साऱ्या जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीनं एक सदोष अपडेट पाठवलं आणि मायक्रोसॉफ्टच्या हिशोबानं ८५ लाख विंडोज मशीन निळा पडदा दाखवून अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या दिवशी जालन्यातूनही फोन आले, आमचं मशीन बंद पडेल का म्हणून. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांचं, आमच्या मोंढ्यात कोणाकडे नव्हतं. पण साधी याद्यांची फाइल चुकली तरी मशीन उभंच राहत नाही ते का, हे त्यानंतर लोकांना समजावणं सोपं झालं.

आणखी एक गोष्ट एरर नसून एरर म्हणून माझ्याकडे येते. कोपऱ्यात खिडकी उघडते, 'तुमच्या मशीनमध्ये व्हायरस सापडले, या नंबरवर फोन करा'. खऱ्या अँटिव्हायरसच्या इशाऱ्यात फोन करायचा नंबर नसतो. ती ब्राउझरची नोटिफिकेशन असते, कधीतरी कुठल्या साइटवर 'अलाऊ' दाबलेलं. ब्राउझरच्या सेटिंगमधून ती परवानगी काढायची. फोन केला आणि पैसे गेले असतील तर माझ्याकडे येण्याआधी १९३० वर फोन करायचा.

यूट्यूब पाहून रजिस्ट्रीतली ती पाच सेकंदांची मुदत बदलणारेही भेटतात. कोणी दोन सेकंदांवर आणतं, म्हणजे मशीन लवकर बंद होईल. होतं लवकर, पण त्यात टॅलीचा आणि अँटिव्हायरसचा गळा दाबला जातो. मी ती पूर्ववत करतो.

औद्योगिक वसाहतीतल्या एका वजनकाट्यावर अजून विंडोज ७ आहे. तिचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पण काट्याचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही. तिथला अँटिव्हायरस स्वतः अपडेट झाला आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी बंद करताना कोसळायला लागला. त्यावर दुरुस्ती अशी नव्हतीच. मशीनची नेटची वायर काढली, पेन ड्राइव्ह लावायची जागा बंद केली, अँटिव्हायरस काढला आणि पावत्यांचा रोजचा बॅकअप घ्यायची सोय करून दिली. मालकांनी विचारलं, त्या अँटिव्हायरसचे सहा महिने उरलेत, त्यांचं काय? जुन्या मशीनवरून ती की डीअ‍ॅक्टिव्हेट केली आणि त्यांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकून दिली.