गवत कापणीच्या जुन्या यंत्राची निगा

नाशिक जिल्ह्यातील निफाड व दिंडोरी या तालुक्यांत पावसाळ्यात द्राक्षवेलींच्या ओळींमध्ये गवत माजते. ते कापण्यासाठी अनेक बागाइतदार खांद्यावर अडकवावयाचे पेट्रोलचे ग्रासकटर वापरतात. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास हे यंत्र कोपऱ्यात पडते आणि पुढील पावसाळ्यात दोरी ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही. मग ‘इंजिन बसले’ असा निकाल देऊन ते भंगारात घालण्याची घाई होते. पुष्कळदा इंजिन निर्दोष असते. दोष टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा असतो.

आजचे पेट्रोल पूर्वीसारखे राहिलेले नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ साली गाठले. उसाला व मक्याला त्यामुळे गिऱ्हाईक मिळाले हे चांगलेच झाले. परंतु इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. ओल फार झाली म्हणजे ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. टू-स्ट्रोक इंजिनास वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. ते तेल वरच्या थरात राहते आणि पेट्रोल ओढणाऱ्या नळीचे तोंड तर तळाशी असते! असे इंजिन सुरू झालेच तर वंगणावाचून चालते व पिस्टनला ओरखडे पडतात. जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या व कार्बुरेटरचा पातळ पडदाही अशा इंधनाने फुगतो किंवा ताठरतो.

म्हणून प्रथम टाकीतील पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून पाहावे. दोन थर दिसले तर ते वापरू नये. विहिरीजवळ वा जमिनीवरही ओतू नये. ताज्या पेट्रोलमध्ये यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रमाणात टू-टी तेल मिसळावे. ५० भागांस १ भाग असे प्रमाण असल्यास लिटरला २० मिलिलिटर, २५ भागांस १ असल्यास ४० मिलिलिटर तेल लागते. अंदाजाने ओतू नये.

एवढ्याने भागले नाही तर दोरी काही वेळा ओढून स्पार्क प्लग काढावा. तो कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही. टाकीतील गाळणी, चिरलेली नळी व कार्बुरेटरचा पडदा तपासावा. प्लग ओला व काळा असेल तर तो पुसून घासावा, हवेची गाळणी धुऊन वाळवावी. दोरी ओढताना हाताला काहीच जोर लागत नसेल, तर मात्र पिस्टनच्या रिंगा झिजल्या असण्याचा संभव आहे. दुरुस्तीचा खर्च विचारूनच पुढे जावे.

नायलॉनच्या दोरीचे हे यंत्र अमेरिकेतील जॉर्ज बॅलस याने १९७१ साली शोधले, तेही झाडांच्या बुंध्याभोवतीचे गवत निघावे म्हणून. तरीही कोवळ्या वेलाची साल ही दोरी सोलते आणि साल सभोवार निघाली की वेल वाळतो. बुंध्यालगत खुरपेच चालवावे. दोरीऐवजी लोखंडी तार कोणीही लावू नये. तिचा तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो. दोरी लांब ठेवता यावी म्हणून संरक्षक पत्रा काढणारेही आढळतात. त्याने इंजिनावरही फाजील भार येतो.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी, इंजिन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, प्लगची टोपी काढावी आणि मगच खालच्या गिअरपेटीत ग्रीस भरावे.