शेवग्याला कोयता, कढीपत्त्याला सबुरी

हैदराबादच्या अंबरपेठेत जी काही जुनी बैठी घरं उरली आहेत, त्यांच्या मागच्या अंगणात दोन झाडं हमखास दिसतात. एक शेवगा, दुसरं कढीपत्त्याचं. काचीगुडा, बरकतपुरा, बाग अंबरपेठ या पट्ट्यात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या नांदली. सांबारातली शेंग आणि फोडणीतलं पान या बाबतीत मराठी, तेलुगू आणि दखनी स्वयंपाकघरांचं कधी वाजलं नाही. मिरचीचं सालन असो, खट्टी दाल असो की आपली आमटी, कढीपत्त्यावाचून भागत नाही. दोन्ही झाडं उष्ण प्रदेशातली, म्हणून आपण दोघांना एकाच बादलीनं पाणी घालतो. घोळ तिथंच होतो.

शेवगा मूळचा हिमालयाच्या पायथ्याकडचा. लहानपणीच त्याचं मूळ मुळ्यासारखं जाडजूड होतं आणि पाणी साठवून ठेवतं. त्यामुळे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडून गेला, तरी मुरलेलं झाड आठवडाभर पाण्यावाचून तग धरतं. पण याच मुळाभोवती पाणी तुंबलं तर ते कुजतं. अंबरपेठेचा नदीकडचा भाग सखल आहे. मुसी नदीला पाणी सोडलं की मुसारामबागचा जुना पूल बुडायचा, हे शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. अशा सखल अंगणात शेवगा लावायचाच तर दीड-दोन फूट उंच वरंब्यावर लावावा. कडेचं फुकट पाणी त्याला मिळेल या हिशेबानं मोरीच्या तोंडाशी लावलेला शेवगा सहसा दुसरा पावसाळा पाहत नाही.

खरी हयगय होते ती छाटणीत. शेवग्याचं लाकूड ठिसूळ. मोकळा सोडला की तो विजेच्या तारांपर्यंत पोचतो, शेंगा गच्चीवरूनही हाती लागत नाहीत, आणि एप्रिल-मेच्या वावटळीत अर्धं झाड शेजाऱ्याच्या पत्र्यावर. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या पेरियाकुलम केंद्रानं १९८९ मध्ये पीकेएम-१ हे वाण दिलं, आणि शेवगा हे बियांपासून वर्षाच्या आत शेंग देणारं पीक झालं. आपल्याकडे दापोलीच्या विद्यापीठाचं कोकण रुचिरा आहे. वाण कुठलंही असो, रोप अडीच फुटांचं झालं की शेंडा खुडायचा, आणि शेंगांचा हंगाम संपला की खोड जमिनीपासून तीन फुटांवर बेधडक कापायचं. नवख्याच्या पोटात गोळा येतो. महिन्याभरात त्याच खुंटावर इतके फुटवे येतात की त्यातले निम्मे काढून टाकावे लागतात.

हीच बेधडक छाटणी कोवळ्या कढीपत्त्याची करून पाहा, झाड रुसून बसेल. पहिल्या वर्षी ते जेमतेम हातभर वाढतं. या काळात पानं तोडायची नाहीत, फक्त शेंडा खुडायचा आणि फुलं आली तर काढून टाकायची. मोठ्या झाडावरूनही सुटी पानं ओरबाडू नयेत. सबंध काडी पेराच्या वर कापावी, म्हणजे खालच्या डोळ्यांतून दोन नव्या काड्या फुटतात. बियांचंही तसंच. शेवग्याचं बी डब्यात ठेवून पुढच्या वर्षी पेरता येतं. कढीपत्त्याचं बी पिकल्या फळातून काढून, गर धुऊन, लगेच मातीत गेलं पाहिजे. त्यापेक्षा जुन्या झाडाच्या मुळांतून आलेला फुटवा मुळासकट उचलणं सोपं.

अंबरपेठेतली कढीपत्त्याची नेहमीची तक्रार म्हणजे पिवळी पानं. शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, असं दिसलं की मातीत लोह कमी आहे असं नव्हे, मुळांना ते घेता येत नाही असं समजावं. बोअरचं पाणी जड, आणि अंगणं भरलेली पाडलेल्या घरांच्या चुना-सिमेंटच्या मलब्यानं. शेजारच्या तेलुगू अम्मा झाडाच्या बुडाशी आंबट ताक ओततात. त्याची चेष्टा करू नये, आंबटपणानं क्षार थोडा नरमतो. पण ताकावर सगळं निभत नाही. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, त्यात थोडं लिंबू पिळून पानांवर फवारावं, आणि कुंडीतली माती दोन वर्षांनी बदलावी. शेवगा मात्र याच मलब्यात मजेत वाढतो.

किडींतही दोघांची तऱ्हा निराळी. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात केसाळ सुरवंटांचा जथा बसतो. अंगाला लागला तर खाज सुटते, त्यामुळे तिथं हयगय नको. कढीपत्त्यावर लिंबावरच्या फुलपाखराची अळी येते. आधी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की पानाइतकी हिरवी. काडीनं डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दुपेडी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. चार-सहा अळ्या हातानं वेचता येतात. पोटात जाणाऱ्या पानावर त्यासाठी विष कशाला मारायचं? बाजारातल्या कढीपत्त्यावर कीटकनाशकाचे अंश इतक्यांदा सापडले की युरोपीय संघानं भारतातून जाणाऱ्या मालाची तपासणी वाढवली. अमेरिकेत ताजा कढीपत्ता विमानतळावरच काढून घेतात, त्याचं कारण वेगळं. संत्र्या-मोसंब्यांचा ग्रीनिंग रोग पसरवणारी सिट्रस सायला ही कीड या झाडावर पोसली जाते. फ्लोरिडाच्या बागा या रोगानं पोखरल्या. आपल्या नागपूरकडच्या संत्रा बागायतदारांनाही ही कीड नवी नाही.

ताकद कुणात जास्त, हा वाद घरोघरी रंगतो. अंबरपेठेहून जवळच तार्नाक्याला राष्ट्रीय पोषण संस्था आहे. तिथल्या सी. गोपालन यांच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम पानांमागे कढीपत्त्यात ८३० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं आहे, शेवग्याच्या पाल्यात ४४०. कागदावर कढीपत्ता जिंकला. ताटात मात्र आपण आठ पानं खातो, त्यांतलीही सहा कडेला काढून ठेवतो. शेवग्याच्या पाल्याची वाटीभर भाजी होते. तेव्हा पोटाच्या हिशेबानं शेवगाच वरचढ.

तरीही फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी शेवग्याच्या नादी लागू नये. मोठ्या पिंपात पाल्यापुरता तो वाढेल, शेंगांची आशा धरू नका. बाल्कनीत चार-पाच तास ऊन आणि पंधरा इंची कुंडी असेल तर कढीपत्ता लावा. वरची माती बोटभर सुकली की पाणी द्या, कुंडीखालच्या ताटलीत साचू देऊ नका. एक मात्र सांभाळा. थंडीच्या तोंडावर नर्सऱ्या रोपांनी भरलेल्या असतात, पण हैदराबादची डिसेंबर-जानेवारीतली रात्र १२-१३ अंशांवर उतरते आणि कढीपत्ता वाढणंच थांबवतो. तेव्हा त्याचं रोप शिवरात्रीनंतर आणा, आणि शेवग्याचं बी मृगात टोचा.